वाचकांचे प्रश्न : निळे औषध आणि न चढणारा रक्तदाब

मिथिलीन ब्लू या औषधाविषयी गेल्या काही दिवसांत बरीच पत्रे आली. त्यांतील सहा पत्रांना या वेळी एकत्रच उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राच्या उत्तरात मूळ यंत्रणा सविस्तर मांडली आहे, कारण पुढची सगळी उत्तरे तिच्यावरच उभी आहेत.

प्रश्न : पोटातील जंतुसंसर्गामुळे माझ्या थोरल्या भावाला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले होते. रक्तदाब वाढवणारी दोन औषधे पंपावर चालू होती, तरीही दाब वर येत नव्हता. तिसऱ्या दिवशी पहाटे डॉक्टर म्हणाले, "मिथिलीन ब्लू देऊन पाहतो." गडद निळे द्रव नळीतून जाताना मी काचेतून पाहिले आणि तासाभरात दाब सावरला. दुसऱ्या दिवशी लघवीच्या पिशवीत हिरवट निळा रंग उतरला होता. भाऊ आता घरी आला आहे. शाळेत गालाच्या आतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहताना आम्ही याच नावाचा रंग वापरत असू. रंगाने रक्तदाब कसा वाढतो?

उत्तर : तुमचे बंधू घरी परतले हे वाचून फार बरे वाटले. शाळेतला तो रंग आणि हे औषध, दोन्हींतला रेणू एकच आहे. १८७६ साली जर्मनीत हाइनरिख कारो यांनी तो कापड रंगवण्यासाठी तयार केला. पुढे पॉल एर्लिख यांच्या लक्षात आले की हा रंग सरसकट सगळीकडे पसरत नाही, तो ठरावीक पेशींनाच धरतो. हिवतापाच्या परजीवींनाही तो धरतो, म्हणून १८९१ मध्ये त्यांनी आणि पॉल गुटमान यांनी हिवतापाच्या दोन रुग्णांना तो औषध म्हणून दिला. रंग म्हणून जन्मलेले हे द्रव्य अशा रीतीने सव्वाशेहून अधिक वर्षे औषध म्हणूनही वापरात आहे. मात्र रक्तदाबावर होणाऱ्या परिणामाचा त्याच्या निळेपणाशी काही संबंध नाही. हा रेणू इलेक्ट्रॉन सहज घेतो आणि सहज देतो, तसेच शरीरातील काही एन्झाइमांमध्ये जो लोहाचा अणू असतो त्याच्याशी तो झोंबतो. रक्तदाब वाढण्याचे कारण या गुणात आहे.

ते समजण्यासाठी आधी रक्तदाब उतरतो कशाने हे पाहायला हवे. हृदय मिनिटाला किती रक्त पुढे ढकलते आणि बारीक रोहिण्या त्या प्रवाहाला किती रोध करतात, या दोन गोष्टींवर दाब ठरतो. हा रोध नळीच्या रुंदीला विलक्षण संवेदनशील असतो, कारण तो त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. रोहिणी केवळ १० टक्के रुंद झाली तरी तिच्यातला रोध सुमारे एक तृतीयांशाने घटतो. सेप्टिक शॉकमध्ये, म्हणजे जंतुसंसर्गामुळे रक्तदाब घातक पातळीपर्यंत उतरतो त्या अवस्थेत, शरीरभरच्या असंख्य बारीक रोहिण्या एकाच वेळी सैल पडतात. हृदय धावत असते, सलाइन भरपूर दिलेले असते, हातपाय कित्येकदा उबदारही लागतात, पण ७० वर ४० असा रक्तदाब काही केल्या हलत नाही. त्याची सरासरी काढली तर ती ५० भरते, आणि उपचारात सुरुवातीचे लक्ष्य सहसा ६५ चे असते.

अशा वेळी पहिले औषध म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनालिन. रोहिणीच्या भिंतीत अरेखित स्नायूंच्या पेशींचा एक थर असतो. नॉरअ‍ॅड्रेनालिन या पेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहीला (म्हणजे बाहेरचा निरोप झेलणाऱ्या रेणूला) चिकटते, पेशीत कॅल्शियम वाढते, कॅल्शियममुळे मायोसिन हे प्रथिन कामाला लागते आणि पेशी आकसते. हजारो पेशी एकत्र आकसल्या की नळी अरुंद होते. एवढ्याने भागले नाही तर व्हॅसोप्रेसिन जोडतात. ते वेगळ्या ग्राहीमार्फत, पण अखेर त्याच कॅल्शियमच्या वाटेने काम करते. तुमच्या बंधूंना दिलेली दोन औषधे बहुधा हीच असावीत.

मग ती लागू का पडत नव्हती? औषध कमी पडत होते म्हणून नव्हे. पेशीच्या आत उलट दिशेने ओढणारी दुसरी शक्ती जोर धरून बसली होती. ती शक्ती म्हणजे नायट्रिक ऑक्साईड, म्हणजे नायट्रोजनचा एक आणि प्राणवायूचा एक अशा दोनच अणूंचा वायू. (भूल देताना वापरतात तो नायट्रस ऑक्साईड वेगळा. पत्रांत या दोन नावांची अदलाबदल झालेली मी वारंवार पाहतो.) निरोगी शरीरात रक्तवाहिनीचे आतले अस्तर हा वायू अगदी मोजून मापून तयार करते आणि त्यामुळे रक्तवाहिनी गरजेपुरती सैलावते. जंतुसंसर्ग रक्तात पसरला की जंतूंची विषे आणि शरीराचे स्वतःचे दाहकारक संदेश मिळून या वायूचे उत्पादन करणारे एक निराळे एन्झाइम जागे करतात. ते एरवी नसल्यासारखेच असते, पण एकदा तयार झाले की थांबत नाही. पांढऱ्या पेशींतच नव्हे, तर रोहिणीच्या स्नायूंतही ते तासन्‌तास आर्जिनीन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साईड बनवत राहते.

हा वायू स्नायूपेशीत ग्वानिलेट सायक्लेज नावाच्या एन्झाइमाला गाठतो. या एन्झाइमाच्या मध्यभागी हीम असते, म्हणजे रक्तातल्या हिमोग्लोबिनमध्ये असते तसा लोह धरून ठेवणारा गट. नायट्रिक ऑक्साईड त्या लोहाला चिकटला की एन्झाइमाचा वेग प्रचंड वाढतो आणि ते सायक्लिक जीएमपी नावाचा निरोप्या रेणू भराभर तयार करू लागते. या निरोप्याचा हुकूम एकच असतो : सैल पडा. त्याच्या प्रभावाखाली पेशीतले कॅल्शियम कमी होते, मायोसिनला कामाला लावणारी फॉस्फेटची खूण पुसली जाते आणि पोटॅशियम बाहेर जाण्याच्या वाटा उघडतात. पोटॅशियम बाहेर पडले की पेशीचा विद्युतभार असा बदलतो की कॅल्शियमची दारे बंदच राहतात. बाहेरून नॉरअ‍ॅड्रेनालिन कितीही वेळा थाप मारो, आतून कडी घातलेली असते.

मिथिलीन ब्लू नेमके येथे हात घालते. ते ग्वानिलेट सायक्लेजमधील त्या लोहावर परिणाम करून एन्झाइम मंदावते, म्हणजे नायट्रिक ऑक्साईड हजर असूनही सायक्लिक जीएमपी तयार होणे घटते. शिवाय ते नायट्रिक ऑक्साईड बनवणाऱ्या एन्झाइमालाही अडवते आणि काही प्रमाणात तो वायू निष्प्रभही करते. आतली कडी निघते. एवढा वेळ निष्फळ ठरत असलेले नॉरअ‍ॅड्रेनालिन, जे आधीपासूनच रक्तात भरपूर असते, ते आता लागू पडते. म्हणूनच परिणाम इतक्या लवकर, कधी अर्ध्या तासात, कधी तासाभरात दिसतो. मिथिलीन ब्लू स्वतः रोहिणीला आकसायला लावण्यापेक्षा आकसण्याच्या आड येणारी गोष्ट दूर करते. या फरकाकडे सहसा लक्ष जात नाही, पण मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण औषध कोणाला लागू पडेल आणि कोणाला नाही हे त्यावरच ठरते. दाब उतरण्याचे कारण रक्तस्राव असेल किंवा हृदयच थकलेले असेल, तर मुळात कडी घातलेलीच नसते आणि ती काढून काही हाती लागत नाही.

ही साखळी कशी उलगडली हेही थोडक्यात सांगतो. न्यूयॉर्कमधील रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महारोहिणीचे तुकडे कोमट क्षारजलात टांगून त्यांचा ताण मोजत असत. ॲसिटिलकोलीन हे द्रव्य घातले की तुकडा कधी सैलावे, कधी आकसे. शोध घेता असे दिसले की तुकडा कापताना आतला पृष्ठभाग बोटाने किंवा उपकरणाने घासला गेला असेल तर तो सैलावत नाही. अस्तर शाबूत असेल तरच सैलावतो. अस्तरातून काहीतरी बाहेर पडून स्नायूपर्यंत पोहोचते, हा निष्कर्ष त्यांनी १९८० मध्ये प्रसिद्ध केला. ते 'काहीतरी' म्हणजे नायट्रिक ऑक्साईड, हे १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात स्पष्ट झाले आणि १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद यांना मिळाले. या प्रयोगांत साखळी मुद्दाम तोडून पाहण्यासाठी जे द्रव्य वापरले जाई ते मिथिलीन ब्लू होते. प्रयोगशाळेतल्या टांगलेल्या रोहिणीवर जे दिसले तेच रुग्णाच्या शरीरात घडेल का, असा विचार करून १९९०च्या दशकात डॉक्टरांनी ते रुग्णांना देऊन पाहिले.

लघवीच्या रंगाची काळजी करू नका. औषधाचा काही भाग मूत्रपिंडातून बाहेर पडतो आणि निळा रंग लघवीच्या पिवळ्या रंगात मिसळून हिरवट दिसतो. तो एक-दोन दिवसांत, कधी थोडा उशिरा, आपोआप जातो.

प्रश्न : मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. एका रुग्णाला मिथिलीन ब्लू सुरू केल्यावर दुसऱ्याच मिनिटाला बोटावरच्या पल्स ऑक्सिमीटरचा आकडा ९७ वरून ७८ वर आला. मी घाबरून पंप थांबवला. डॉक्टरांनी येऊन पुन्हा सुरू करायला सांगितला. माझे चुकले का?

उत्तर : चुकले नाही. कारण ठाऊक नसताना आकडा असा घसरला तर थांबून हाक मारणे हेच योग्य असते. खरे तर हे होणार आहे याची कल्पना तुम्हाला आधीच द्यायला हवी होती.

पल्स ऑक्सिमीटर प्राणवायू थेट मोजत नाही. बोटातून तो दोन प्रकारचा प्रकाश पाठवतो, सुमारे ६६० नॅनोमीटरचा लाल आणि सुमारे ९४० नॅनोमीटरचा अवरक्त. प्राणवायू नसलेले हिमोग्लोबिन लाल प्रकाश जास्त शोषते, म्हणून लाल प्रकाश पलीकडे कमी पोहोचला की यंत्र 'प्राणवायू घटला' असे समजते. मिथिलीन ब्लूही नेमका याच लाल पट्ट्यातला प्रकाश सर्वांत जास्त शोषते. रक्तातून निळे औषध बोटात पोहोचताच लाल प्रकाश अडतो आणि यंत्र फसते, रुग्णाचा प्राणवायू मात्र जिथल्या तिथे असतो. औषध शरीरात पसरून विरळ झाले की काही मिनिटांत आकडा पुन्हा वर येऊ लागतो.

पण म्हणून त्या वेळात डोळे झाकून बसायचे नाही, कारण खरोखरचा बिघाडही त्याच क्षणी होऊ शकतो. औषध सुरू करण्यापूर्वीचा आकडा लिहून ठेवावा, श्वासाची गती, छातीची हालचाल आणि व्हेंटिलेटरवरील दाब पाहत राहावे, आणि शंका वाटल्यास रोहिणीतील रक्ताचा नमुना पाठवून त्यात विरघळलेल्या प्राणवायूचा दाब पाहावा. हा दाब रंगाने बदलत नाही. नमुन्यातून संपृक्ततेचा आकडा देणारी यंत्रेही प्रकाशावरच चालतात, त्यामुळे तो आकडा मात्र याच कारणाने फसवा निघू शकतो. आणखी एक गोष्ट : मिथिलीन ब्लूने फुप्फुसातल्या रक्तवाहिन्याही आकसतात. ज्यांची फुप्फुसे आधीच गंभीर आजारी आहेत किंवा फुप्फुसातील रक्तदाब वाढलेला आहे, त्यांच्यात प्राणवायू खरोखर घसरू शकतो. आकडा काही मिनिटांत वर आला नाही तर कारण रंगाचे आहे असे गृहीत धरू नका.

प्रश्न : मी जीवशास्त्राची विद्यार्थिनी आहे. नायट्रिक ऑक्साईडचे अतिउत्पादन हेच जर मूळ कारण असेल, तर ते तयार करणारे एन्झाइमच पूर्णपणे बंद करणारे औषध का वापरत नाहीत? मुळावर घाव घालणे अधिक योग्य नाही का?

उत्तर : अगदी हाच विचार संशोधकांनी केला होता. त्याचे जे झाले ते अतिदक्षता वैद्यकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याने लक्षात ठेवावे असे मला मनापासून वाटते.

आर्जिनीनसारखाच दिसणारा एक रेणू तयार करण्यात आला. एन्झाइम त्यालाच आर्जिनीन समजून धरते आणि अडकून पडते. नायट्रिक ऑक्साईडचे उत्पादन थांबते, मग ते शॉकमध्ये जागे झालेले एन्झाइम असो की अस्तरातले नेहमीचे. सेप्टिक शॉकच्या ७९७ रुग्णांवर त्याची मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्तदाब अपेक्षेप्रमाणे वाढला. मॉनिटरकडे पाहिले असते तर औषध यशस्वी ठरले होते. पण २८ दिवसांनंतरची मोजदाद वेगळे सांगत होती : औषध मिळालेल्यांपैकी ५९ टक्के रुग्ण दगावले, तर न मिळालेल्यांपैकी ४९ टक्के. चाचणी मुदतीपूर्वी थांबवावी लागली.

हे का झाले? नायट्रिक ऑक्साईड हा केवळ रक्तदाब पाडणारा खलनायक नाही. केशवाहिन्यांतला प्रवाह तोच खेळता ठेवतो, रक्तकणिकांना (प्लेटलेट्सना) एकमेकींना चिकटू देत नाही, जंतूंना मारण्यात भाग घेतो आणि फुप्फुसातील रक्तवाहिन्या मोकळ्या ठेवतो. तो सरसकट बंद केल्यावर रोध एवढा वाढतो की आधीच ताणाखाली असलेल्या हृदयाला त्याविरुद्ध रक्त ढकलणे कठीण जाते. त्या चाचणीत वाढलेले मृत्यू मुख्यतः हृदय आणि रक्ताभिसरणाशी निगडित होते. रोहिणीत दाब असणे आणि पेशीपर्यंत रक्त पोहोचणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत.

मिथिलीन ब्लूचा मुख्य परिणाम साखळीत एक पायरी खाली, ग्वानिलेट सायक्लेजवर होतो. त्यामुळे नायट्रिक ऑक्साईडची त्या पायरीवर अवलंबून नसलेली कामे बऱ्याच अंशी चालू राहतील, असा युक्तिवाद केला जातो. तो तर्काला धरून आहे. तरीही २००४ चा अनुभव गाठीशी असताना केवळ तर्कावर विसंबणे मला पटत नाही. कारण मात्रा वाढवत नेली तर मिथिलीन ब्लूही त्याच वाटेने जाते : आतड्यांचा रक्तपुरवठा घटतो, आणि वजनाच्या दर किलोला ७ मिलिग्रॅमच्या आसपास किंवा त्याहून अधिक दिल्यास हिमोग्लोबिनमधल्या लोहाचेच ऑक्सिडीकरण होऊन त्याची प्राणवायू वाहण्याची क्षमता कमी होते. रुग्णांना देताना मात्रा सहसा दर किलोला १ ते २ मिलिग्रॅम एवढीच ठेवतात आणि ती सावकाश सोडतात. यातली विलक्षण गोष्ट अशी की, काही विषबाधांमध्ये हिमोग्लोबिनमधले लोह असे ऑक्सिडीकृत होऊन रुग्ण निळा पडतो, तेव्हा याच रंगाची हीच लहान मात्रा त्याला पुन्हा गुलाबी करते. लहान मात्रेत ते लोहाला इलेक्ट्रॉन परत मिळवून देते, मोठ्या मात्रेत काढून घेते.

प्रश्न : माझ्या पत्नीची हृदयाची शस्त्रक्रिया ठरली आहे. ती काही वर्षांपासून नैराश्यावर एसिटालोप्राम घेते. शस्त्रक्रियेनंतर रक्तदाब पडला तर निळे औषध देतात असे वाचले. ते तिला चालेल का?

उत्तर : पत्र पाठवलेत हे उत्तम केलेत. हृदयशस्त्रक्रियेत रक्त काही काळ हृदय-फुप्फुस यंत्रातून फिरवतात. कृत्रिम पृष्ठभागांशी संपर्क आल्याने शरीरात दाह उसळतो आणि काही रुग्णांच्या रक्तवाहिन्या सेप्टिक शॉकसारख्याच सैल पडतात, जंतुसंसर्ग नसतानाही. मिथिलीन ब्लूच्या बाजूचा सर्वांत ठळक पुरावा याच गटातला आहे. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या ६३८ रुग्णांपैकी ५६ जणांना हा त्रास झाला. त्यांतील २८ जणांना औषध दिले, तर त्यांच्यात एकही मृत्यू झाला नाही. उरलेल्या २८ मध्ये ६ मृत्यू झाले. संख्या लहान आहे, तरीही शस्त्रक्रिया करणाऱ्या चमू या औषधाकडे का वळतात हे त्यावरून कळते.

तुमच्या पत्नीच्या बाबतीत मात्र अडचण खरी आहे. मिथिलीन ब्लू मोनोअमाइन ऑक्सिडेज-ए हे एन्झाइम जोरदारपणे अडवते. मेंदूतील सेरोटोनिन मोडण्याचे काम हेच एन्झाइम करते. एसिटालोप्राम, फ्लुओक्सेटीन, सर्ट्रालीन यांसारख्या गोळ्यांमुळे सेरोटोनिन आधीच जास्त टिकून असते, त्यात ते मोडणेही थांबले की ते साचत जाते. मग अस्वस्थता, ताप, घाम, स्नायूंचे झटके असे लक्षणसमूह दिसतात आणि ते जिवावर बेतू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०११ मध्ये याविषयी जाहीर इशारा दिला आहे. भुलेखाली असलेल्या रुग्णात ही लक्षणे झाकली जातात, ही आणखी अडचण.

गोळी स्वतःहून मुळीच बंद करू नका. अचानक थांबवण्याचे त्रास वेगळे असतात आणि फ्लुओक्सेटीनसारखी काही औषधे बंद केल्यानंतरही आठवडेच्या आठवडे शरीरात राहतात. भूलतज्ज्ञांना गोळीचे नाव, मात्रा आणि ती कधीपासून चालू आहे हे लेखी द्या. त्यांच्याकडे व्हॅसोप्रेसिनसारखे इतर पर्याय असतात. हायड्रॉक्सोकोबालामिन, म्हणजे ब-१२ जीवनसत्त्वाचेच एक रूप, नायट्रिक ऑक्साईडला पकडते आणि काही ठिकाणी अशा वेळी तेही वापरले जाते. (त्याने लघवी लाल होते.) त्याच कागदावर आणखी एक नोंद असू द्या : कुटुंबात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमाची कमतरता आहे का. मिथिलीन ब्लू पचवण्यासाठी लाल पेशींना जे रासायनिक बळ लागते ते या एन्झाइमाकडून येते. ते नसेल तर लाल पेशी फुटू लागतात.

प्रश्न : माझा रक्तदाब नेहमी ९० वर ६० असतो. मिथिलीन ब्लूचे थेंब पाण्यातून घेतल्यास तो सुधारेल का? हे थेंब ऑनलाइन सहज मिळतात.

उत्तर : घेऊ नका. तुम्हाला चक्कर, थकवा किंवा डोळ्यांपुढे अंधारी असे काही होत नसेल, तर ९० वर ६० हा तुमचा स्वाभाविक रक्तदाब असू शकतो आणि त्याला उपचार लागत नाही. त्रास होत असेल तर त्याचे कारण डॉक्टरांकडून शोधून घ्यावे. वर सांगितलेली कडी निरोगी माणसाच्या रोहिणीत घातलेलीच नसते, त्यामुळे लाभाचा प्रश्नच येत नाही. धोके मात्र सगळे लागू होतात. शिवाय पेशी किंवा कापड रंगवण्यासाठी बनवलेल्या मिथिलीन ब्लूमध्ये आर्सेनिक आणि जड धातूंची अशुद्धी असू शकते. शिरेतून देण्याचे औषध त्यापासून वेगळे शुद्ध केलेले असते. गरोदरपणात तर ते टाळायलाच हवे, कारण गर्भजलात हा रंग सोडल्यानंतर अर्भकांच्या आतड्यांत अडथळे निर्माण झाल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

प्रश्न : माझी आई ७४ व्या वर्षी सेप्टिक शॉकने गेली. आतड्याचा मोठा भाग रक्तपुरवठा तुटून मृत झाला होता आणि ती शस्त्रक्रिया सोसणार नाही असे शल्यविशारदांनी सांगितले. तीन औषधे चालू असूनही शेवटचे दोन दिवस रक्तदाब वर आला नाही. मिथिलीन ब्लू तिला दिले नाही. या औषधाविषयी मी नंतर वाचले. मी तेव्हाच विचारले असते तर ती वाचली असती का, हा विचार डोक्यातून जात नाही.

उत्तर : तुमचे पत्र मी अनेकदा वाचले. शक्य तितके नेमके उत्तर देण्याचा प्रयत्न करतो, कारण मोघम धीर देऊन हा विचार थांबणार नाही.

प्रथम या औषधाविषयी आज काय ठाऊक आहे ते सांगतो. सेप्टिक शॉकमध्ये मिथिलीन ब्लूने रक्तदाब वाढतो आणि इतर औषधांची मात्रा कमी करता येते, हे अनेक लहान अभ्यासांत दिसले आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत २० रुग्ण होते. त्यांना अखंड ठिबकीतून ते दिल्यावर नॉरअ‍ॅड्रेनालिनची गरज बरीच घटली, पण २० जणांवरून जीव वाचतात की नाही हे ठरवता येत नाही. २०२३ मध्ये मेक्सिकोतून प्रसिद्ध झालेली चाचणी ९१ रुग्णांची होती. तिथे शॉक सुरू झाल्यापासून २४ तासांच्या आत, रोज १०० मिलिग्रॅम सहा तासांत, असे तीन दिवस औषध दिले. रक्तदाबाची औषधे ६९ तासांत थांबवता आली. ज्यांना ते दिले नव्हते त्यांना ९४ तास लागले. अतिदक्षता विभागातला मुक्कामही सुमारे दीड दिवसाने घटला. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत नेमका म्हणता येईल असा फरक आढळला नाही. सेप्सिसच्या उपचारांविषयीच्या २०२१ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये नॉरअ‍ॅड्रेनालिन, त्यानंतर व्हॅसोप्रेसिन, मग अ‍ॅड्रेनालिन आणि स्टिरॉइड असा क्रम दिलेला आहे. मिथिलीन ब्लूची शिफारस त्यांत नाही. जी तीन औषधे तुमच्या आईंना चालू होती ती बहुधा याच क्रमाने दिलेली असतील. न दिलेले चौथे औषध हा उपचारातला राहून गेलेला टप्पा नव्हता.

दुसरी गोष्ट त्यांच्या आजाराची. त्या चाचणीत औषध लवकर, पहिल्याच दिवशी दिलेले होते. दोन दिवस दाब न हलल्यानंतर, शेवटचा उपाय म्हणून ते दिले तर फारसे हाती लागत नाही, असा अनुभव आहे. तोवर अवयवांची हानी पुढे गेलेली असते. आणि तुमच्या आईंच्या बाबतीत शॉकचा उगम मृत आतड्यात होता. तो भाग काढता येत नव्हता, तोवर जंतू आणि त्यांची विषे रक्तात उतरत राहणार आणि नायट्रिक ऑक्साईड बनवणारे एन्झाइम पुन्हा पुन्हा जागे होणार. मिथिलीन ब्लूने रोहिण्या काही तास आकसल्या असत्या. उगम तसाच राहिला असता. त्याहूनही महत्त्वाचे हे की, या औषधाची मात्रा वाढली की सर्वांत आधी काळजी वाटते ती आतड्यांच्या रक्तपुरवठ्याची. ज्या रुग्णाचे आतडेच रक्ताअभावी मेले आहे त्याला ते देताना मीही थांबलो असतो. मॉनिटरवरचा आकडा कदाचित काही वेळ चढला असता, आणि तुम्हाला त्या रात्री आशा वाटली असती. आई वाचण्याची शक्यता त्याने बदलली असती असे या माहितीच्या आधारे मी म्हणू शकत नाही.

तुमच्या विचारण्या न विचारण्यावर हे अवलंबून नव्हते. तुमच्याकडे उपचाराचे कागद असतील आणि ते कोणीतरी शेजारी बसून समजावून सांगावेत असे वाटत असेल, तर त्या वेळी उपचार करणाऱ्या डॉक्टरांना भेटीची वेळ मागा. महिन्यांनंतर आलेल्या नातेवाइकांशी असे बोलणे हा आमच्या कामाचाच भाग आहे. जाताना शस्त्रक्रिया का करता आली नाही हा प्रश्न सर्वांत आधी विचारा, कारण तुमच्या पत्रातला खरा निर्णायक क्षण मला तिथे दिसतो, निळ्या औषधापाशी नाही.